खांबाआडची हाक

आठवीच्या वर्गात तिचं खरं नाव फक्त हजेरी घेताना ऐकू यायचं. एरवी ती सगळ्यांची ‘शिडी’. सातवीच्या सुट्टीत ती जी वाढायला लागली ती थांबायचं नावच घेईना. आईने शाळेच्या स्कर्टची खालची दुमड दोनदा उसवून सोडली. तिसऱ्या वेळी उसवायला दुमडच उरली नव्हती. चिडवण्याचं तिला फारसं वाटत नसे. वाटायचं ते एवढ्याचंच, की कुठेही उभी राहिली किंवा बसली, की मागून कुणाचा तरी आवाज यायचा, “ए शिडी, सरक ना जरा!” म्हणून फोटोत मागच्या रांगेचं टोक तिचं, प्रयोगशाळेत भिंतीकडचं स्टूल तिचं. हळूहळू मान खाली घालून, खांदे पाडून चालायची सवयच लागून गेली. जणू उंची कुणाकडून उसनी आणलीय आणि ती लपवून न्यायचीय.

तर या शिडीच्या शाळेने एकदा आठवीच्या मुलांना गाण्यांचं नाटक दाखवायला न्यायचं ठरवलं. रंगमंचावर खरी माणसं गाणार, पुढ्यात खरे वादक बसून वाजवणार. घरात शिडीने आठवडाभर तेच लावलं होतं. तिचे बाबा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासून द्यायचे. त्यांनी आदल्या संध्याकाळी तिच्या चष्म्याच्या काचा बदलून आणल्या, चष्मा रुमालाने पुसून स्वतःच तिच्या नाकावर ठेवला आणि म्हणाले, “घे. आता नटाच्या सदऱ्याला किती बटणं आहेत तेसुद्धा मोजून ये.”

“आणि किती तुटलीत तेही,” आई म्हणाली. आई पोस्टात खिडकीवर बसायची, दिवसभर शिक्के मारून मारून तिला प्रत्येक गोष्ट नीट लागलीय का ते बघायची खोड जडली होती.

नाटक दुपारचं होतं. संगीताच्या सरांचा ऐन वेळी घसा बसला, म्हणून मुलांना घेऊन भूगोलाच्या बाई आल्या. बाईंचा नाटकाशी संबंध शेजाऱ्याशी असतो तेवढाच, पण माणसं मोजण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बसमध्ये चढताना मोजली, उतरताना मोजली, जिन्यात मोजली, आणि पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसवून पुन्हा एकदा मोजली. बेचाळीसच्या बेचाळीस.

शिडीला जागा मिळाली होती अगदी मधोमध, तिच्या मैत्रिणीच्या शेजारी. या मैत्रिणीला वर्गात ‘रेडिओ’ म्हणत, कारण ती फक्त झोपेत बंद व्हायची. समोर गडद लाल पडदा, वर दिव्यांचे झुंबरासारखे घोस, खुर्च्या मऊ आणि इतक्या उंच की बसल्यावर पाय अधांतरी. शिडीचे नाही, बाकीच्यांचे. तिने चष्मा पुसला आणि ताठ बसली. तेवढ्यात मागून आवाज आलाच.

“बाई, मला काहीच दिसत नाहीये! पुढे शिडी आहे!”

मागे बसली होती वर्गातली सगळ्यात बुटकी मुलगी, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. फक्त बाल्कनीच्या अगदी टोकाला, जाड खांबाच्या पलीकडे, कठड्याला लागून एकच खुर्ची रिकामी होती.

“बाळा,” बाई जरा ओशाळून म्हणाल्या, “तू जातेस का तिकडे? तू उंच आहेस, तुला तिथूनही दिसेल.”

शिडी उठली. ‘दिसेल’ म्हणणाऱ्या बाईंना ती खुर्ची दिसली नसणार हे तिला तिथे बसल्या बसल्या कळलं. खांब चांगला दोन माणसांच्या कवेत मावेल एवढा होता, आणि रंगमंचाचा जवळजवळ सगळा भाग त्याच्या पोटात गेला होता. उरली होती डावीकडची एक चिंचोळी पट्टी. पडदा वर गेला तेव्हा त्या पट्टीत एक रंगवलेलं लाकडी पिंप आणि धक्क्याच्या तीन पायऱ्या दिसल्या.

एवढा चष्मा पुसून पिंप बघायचं! तिच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं. गाणं सुरू झालं. नायिकेचा आवाज असा, की त्याच्यामागे धावत जावं. पण नायिका कुठली दिसायला? एकदा तिचा हात पट्टीत आला आणि गेला. एकदा परकराचा घोळ आला. बाल्कनीत सगळे हसले, शिडीला कळेना का हसले. गोष्ट कानावर पडत होती तेवढी कळली: बंदरावर राहणारी एक मुलगी, तिला लहानपणापासून तिच्या काकाने वाढवलेलं, आणि काका वादळात अडकलेल्यांना सोडवायला नाव घेऊन जाणारा.

कंटाळून तिने कठड्यावर हनुवटी टेकली आणि खाली पाहिलं. आणि तिला वाटलं, अरेच्चा!

तिच्या बरोबर खाली, रंगमंचाच्या पुढ्यातल्या खोलगट जागेत सगळे वादक बसले होते. प्रत्येकासमोर कागद, कागदावर छोटा दिवा. मधे उंचवट्यावर हातात बारीक काठी घेतलेल्या संचालक बाई. अख्ख्या नाट्यगृहात इतकं स्पष्ट हे कुणालाच दिसत नसेल. आणि अगदी खाली, भिंतीलगत, पिकल्या मिशांचे एक काका एकटेच उभे होते. त्यांच्याभोवती एक मोठा ढोल, झांजांच्या दोन जोड्या, चौकटीला टांगलेला माणसाएवढा पत्रा, आणि एक पितळी घंटा. पायांत बूट नाहीत, नुसते मोजे, आणि डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला.

काका वाजवत नव्हतेच. सगळे वाजवत होते आणि काका आपले अंगठ्याने बोटांची पेरं मोजत उभे. मोजता मोजता दुसऱ्या हाताने त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढला, शब्दकोड्यात एक शब्द भरला, तुकडा खिशात ठेवला, झांजा उचलल्या, आणि नायिका ज्या क्षणी “लाट!” म्हणाली त्याच क्षणी खणण्ण! अख्खं नाट्यगृह दचकलं. काकांनी झांजा अलगद टॉवेलावर ठेवल्या, बाळाला निजवावं तशा, आणि पुन्हा पेरं मोजायला लागले.

शिडी हसली. मग तीही मोजायला लागली. काकांचं बोट पुढे सरकलं की तिचंही सरकायचं. बायकोला भेटायला निघाल्यासारखे काका कधी ढोलाकडे वळायचे, कधी लाजून परत यायचे. वादळ आलं तेव्हा त्यांनी पत्र्याची खालची कड दोन्ही हातांनी धरून तो असा काही हलवला, की बाल्कनीतल्या मुली एकमेकींना बिलगल्या. शिडी एकटीच वरून बघत होती की वादळाच्या अंगठ्याला भोक पडलंय.

मध्यंतर झालं. मुलं बाहेर पाणी प्यायला पळाली. खालून काकांनी वर पाहिलं.

“काय गं, तुला त्या खुर्चीवर कोणी बसवलं? तिचं तिकीट विकतच नाहीत खरं तर.”

“मी उंच आहे ना, म्हणून.”

“म्हणजे उंचाला कमी दिसलं तरी चालतं? झकास हिशेब आहे!” काकांनी खिशातून केळं काढलं आणि सोलायला लागले. “मग नाटक कसं वाटतंय?”

“पिंप दिसतंय.”

“पिंपाचं काम चांगलं आहे हं. तीन महिन्यांत एकदाही चुकलेलं नाही.”

शिडीला इतकं हसू आलं की चष्मा खाली पडता पडता राहिला. मग धीर करून तिने विचारलं, “काका, तुम्ही इतका वेळ नुसते मोजता का?”

“अगं, तेच माझं काम. वाजवणं म्हणजे दोन घास, मोजणं म्हणजे अख्खा स्वयंपाक. कधी न वाजवायचं ते कळलं पाहिजे. आता पुढे बघ, शेवटी ती पोर धक्क्यावर एकटी गाते. काका बुडाला असं सगळ्यांना वाटतंय, हिचा विश्वास नाही. गाण्याची तीन कडवी. पहिल्यात मी हा पत्रा हळूच हलवतो, वादळ लांब चाललंय म्हणून. दुसऱ्या कडव्यात पत्रा उचलून मागे टांगतो, नाहीतर तो उगाच गुणगुणत राहतो. तिसरं सुरू झालं की हातोडी घेऊन घंटेपाशी. शेवटी ती म्हणते ‘परत ये’, सगळी वाद्यं थांबतात, आणि घंटा! काकाची नाव आली. ती घंटा नाही वाजली तर काका काही येत नाही.”

“आणि तुम्ही चुकलात तर?”

“तर ती पोर धक्क्यावर उभीच,” काका केळ्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकत म्हणाले. “घरी त्या नटीचा नवरा वाट बघत असतो. तेव्हा चुकून चालत नाही.”

दुसरा अंक सुरू झाला. आता शिडीला पिंपाचं काही वाटत नव्हतं. ती दोन्ही कोपरं कठड्यावर टेकून खालचं नाटक बघत होती आणि वरचं ऐकत होती. गावाने आशा सोडली, दिवे मंद झाले, आणि ते गाणं आलं. काकांनी पहिल्या कडव्यात पत्रा असा हलवला, जणू डोंगरामागे कुणी कूस बदलतंय. कडवं संपलं. काकांनी पाठ फिरवली, पत्रा चौकटीतून काढला आणि दोन्ही हातांत तोलत मागच्या खिळ्याकडे निघाले.

आणि तेव्हाच खाली काहीतरी झालं. संचालक बाईंचा डावा हात झटकन वर गेला. तीन बोटं. एकाएकी सगळ्या वादकांनी एकदम पान उलटलं. एवढे हात एकत्र हलले आणि आवाज मात्र कागदाचाही नाही. शिडीला क्षणभर कळेना. मग कळलं. गाणारी बाई दुसरं कडवं विसरली होती. ती थेट तिसऱ्यावर गेली होती, आणि तिला सांभाळायला सगळे तिच्यामागे धावले होते.

सगळे, एक सोडून. काकांची पाठ होती. चाल दोन्ही कडव्यांची एकच, आणि कानाशी पत्रा गुणगुणत होता. त्यांच्या लेखी अजून दुसरं कडवंच चाललं होतं. त्यांनी पत्रा सावकाश खिळ्याला टांगला, नीट बसलाय ना ते हाताने दाबून पाहिलं. संचालक बाई त्यांच्याकडे बघत होत्या, भुवया पार कपाळात गेलेल्या, पण काकांनी मान वळवली तर ना! जवळच्या बासरीवाल्याच्या ओठांवर बासरी, तो काय बोलणार?

वर नायिका म्हणाली, “परत ये.”

वाद्यं थांबली. घंटा वाजली नाही.

पुढे काय झालं ते शिडीला नंतर नीट सांगता येईना. आपण विचार केला असं काही तिला आठवत नव्हतं. ती ताड्कन उभी राहिली, आहे तेवढी सगळीच्या सगळी, आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली,

“काका!”

अख्ख्या नाट्यगृहाच्या शांततेत ती हाक खांबावर आपटून चहूकडे गेली. काकांनी दचकून वर पाहिलं. शिडीने तीन बोटं दाखवली. त्यांनी संचालक बाईंकडे पाहिलं, आणि साठीचा तो माणूस मोज्यांवरून घसरत दोन ढांगांत घंटेपाशी पोचला. टण्ण! टण्ण!

रंगमंचावर नायिकेने सुटकेचा श्वास घेतला असेल की काय देव जाणे, पण तिनेही तीच हाक झेलली. “काका!” म्हणत ती धावली, आणि धावत धावत आली ती थेट शिडीच्या पट्टीत, पिंपाजवळ, कारण नाटकातला काका तिथल्याच पायऱ्यांवरून वर येत होता. दीड तासात पहिल्यांदा शिडीला नायिकेचा चेहरा दिसला. गालावरचा रंग घामाने ओघळलेला, आणि ती खरीखुरी रडत होती. बाल्कनीत नाकं ओढल्याचे आवाज, मग टाळ्या, मग टाळ्यांचा पाऊस.

शिडी मात्र खुर्चीत अंग चोरून बसली. भर नाटकात आपण ओरडलो! शाळेचं नाव घालवलं. बाई आता मोजतील ते एक्केचाळीसच मोजतील आणि आपल्याला इथेच ठेवून जातील.

पण बसमध्ये वेगळंच चाललं होतं. बाई मुलं मोजत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि मोजणी चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या. रेडिओ सीटवर गुडघे टेकून मागच्यांना सांगत होती, “ते सगळं राहू दे, पण ती घंटेच्या आधी मागून लहान मुलीची हाक आली ना, ‘काका!’, माझ्या अंगावर सरसरून काटा आला! म्हणजे बघ हं, ती तिच्या लहानपणाची हाक होती. तिच्या मनातली.”

“टेप लावली असेल,” कुणीतरी म्हणालं.

“टेप नाही हं! बाल्कनीत नटी लपवली होती. माझ्या मते तीच सगळ्यात चांगली नटी.”

शिडी खिडकीबाहेर बघत होती. तिचे कान दिव्यासारखे लाल झाले होते. सांगावं की नाही? सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार, आणि ठेवला तर बाई काय म्हणणार? एवढ्यात बसच्या दारावर थाप पडली. मिशांचे काका उभे होते, धापा टाकत. एका पायात बूट होता, दुसरा हातात.

“तुमच्यात एक उंच मुलगी आहे का?”

सगळ्या बसने एकदम बोट दाखवलं.

बाई मोजता मोजता थांबल्या. “काय केलं तिने?”

“काय केलं? माझी लाज राखली हो!” काका पायरीवर टेकून बूट घालत म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगितलं. कडवं कसं गळलं, पत्रा कसा कानाशी होता, आणि ही पोर उभी राहून ओरडली नसती तर धक्क्यावर कशी पंचाईत झाली असती. बस इतकी शांत कधी झाली नव्हती. रेडिओसुद्धा.

“तर आमच्या संचालक बाईंनी एक निरोप दिलाय,” काका शिडीकडे वळले. “त्या म्हणतायत, ती हाक आता नाटकात कायमची ठेवावी. चालेल का म्हणून विचारायला पाठवलंय.”

“मला विचारताय?”

“मग कुणाला विचारू? हाक तुझी ना?”

शिडी उभी राहिली. बसच्या टपाला डोकं लागत होतं, पण मान तिरकी करून ती तशीच उभी राहिली. “ठेवा,” ती म्हणाली. मग जरा विचार करून, “पण जी कुणी हाक मारेल, तिला त्याच खुर्चीवर बसवा. तिथून आवाज खांबावर लागून सगळीकडे जातो. आणि घंटा तिच्याआधी नको. आधी हाक, मग एक श्वास, मग घंटा.”

“एक श्वास,” काकांनी घोकलं आणि खिशातल्या शब्दकोड्याच्या कोपऱ्यावर टिपून घेतलं. खिशातूनच एक पाकीट काढून तिच्या हातात दिलं. येत्या रविवारच्या दुपारच्या खेळाचे तीन पास होते. “मधल्या रांगेचे आहेत. पिंपाखेरीज आणखीही माणसं आहेत नाटकात, त्यांनाही भेट.”

मग काय विचारता! घरी पोचेपर्यंत रेडिओने ती हकीकत एवढ्या वेळा सांगितली, की शेवटच्या वेळी शिडी बाल्कनीतून उडी मारून स्वतः घंटा वाजवून आली होती. बाईंनी उतरताना तिच्या पाठीवर हात ठेवला. “मी तुला त्या जागी बसवलं, बाळा. आधी बघायला हवं होतं मी. चुकलंच माझं.”

“नाही बाई,” शिडी मनापासून म्हणाली, “छान होती जागा.”

घरी आईने पहिल्यांदा पासवरचा शिक्का नीट उमटलाय ना ते पाहिलं, मग गोष्ट ऐकली, मग पुन्हा पहिल्यापासून ऐकली. बाबा खांबापाशीच अडकले होते. “माझी मुलगी, कालच्या नव्या काचा, आणि खांबामागे!” असं ते जेवताना तीनदा म्हणाले. घंटेची गोष्ट आली तेव्हा मात्र घास हातातच राहिला.

रविवारी तिघं गेले. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, आईने केसांना जरा जास्तच पिना लावल्या होत्या. मधल्या रांगेतून सगळंच दिसलं. त्या दिवशी सगळे का हसले होते ते शिडीला आता कळलं: गावचा पुढारी मासळीच्या टोपलीत बसायचा. लोक पुन्हा हसले तेव्हा तिचं हसू सगळ्यांच्या आधी सुटलं. वादक दिसत नव्हते, त्यांच्या दिव्यांचा उजेड तेवढा वर येत होता. तरी झांज वाजली की तिचा अंगठा आपोआप पुढच्या पेरावर सरकायचा.

शेवटचं गाणं आलं. तिन्ही कडवी या वेळी जागच्या जागी आली. दुसरं कडवं तिने प्रथमच ऐकलं आणि ते तिला सगळ्यात आवडलं. असं कडवं कुणी विसरतं तरी कसं! “परत ये,” नायिका म्हणाली. वाद्यं थांबली, आणि बाल्कनीच्या टोकाकडून, खांबाआडून, एका मुलीची हाक आली.

आई दचकून खुर्चीत उडाली. बाबा शिडीकडे वाकले. “हीच का?”

शिडीने मान हलवली.

“तुझी जास्त मोठी असणार,” बाबा कुजबुजले.

खरं सांगायचं तर या मुलीची हाक जास्त गोड होती. एक श्वास गेला. मग घंटा वाजली, काका पायऱ्या चढून आला, आणि सगळं माहीत असूनही शिडी रडली. चष्मा काढून भरपूर रडली, शेजारची आईही, आणि पलीकडचा एक अनोळखी गृहस्थही.

बाहेर पडल्यावर ऊन अजून होतं. तिघं पायीच निघाले. आईला ते दुसरं कडवं येता येता गुणगुणायचं होतं, पण चाल काही केल्या जमेना. बाबा दुरुस्त करायला गेले आणि आणखी बिघडवून बसले. मग शिडीने दोघांना थांबवलं, हाताने ठेका धरला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.